चौदा खडे

दत्तात्रय आठल्ये यांच्या तोंडून मी एकच खोटे ऐकले. ते त्यांनी भरसभेत सांगितले, माझ्याविषयी सांगितले, आणि त्याबद्दल लोकांनी मला टाळ्या दिल्या. मी त्या घेतल्या. आठल्ये आता नाहीत. मी ऐंशी ओलांडली आहे. त्या टाळ्या परत करण्याची वेळ बरीच आधी येऊन गेली, हे मला ठाऊक आहे.

खिदिरपूरच्या एका सुक्या गोदीत आठल्ये फोरमन होते. मी तिथे इंजिनियर म्हणून बदलून आलो. हुद्द्याने मी त्यांचा साहेब. वयाने त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. आठल्ये बुटके, मानेने जाड, कलकत्त्याच्या घामटपणातही खाकी सदऱ्याचे गळ्यापर्यंतचे बटण लावलेले. बंगाली ते अस्खलित बोलत, पण राजापूरच्या हेलात. आवाज कधी चढत नसे. गोदीतला सगळा ठणठणाट चालू असतानाही ते हळूच बोलत, आणि ऐकणाऱ्याला जवळ यावे लागे.

आठल्ये माणसे मोजत.

हे समजण्यासाठी जहाजाच्या पोटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जहाजाच्या तळाशी दोन पत्र्यांच्या मध्ये टाक्या असतात. उंची कमरेइतकी. माणूस वरच्या झाकणातून उतरतो आणि रांगत एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातो. आत गंज खरवडायचा, रंग लावायचा, कुजलेला पत्रा शोधायचा. काम संपले की झाकण बोल्टांनी आवळतात आणि टाकी पाण्याने भरून ती गळते का ते पाहतात.

आठल्ये यांनी प्रत्येक झाकणापाशी खिळे मारलेली एक लाकडी फळी ठेवली होती. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर येणाऱ्याने तो काढून घ्यायचा. फळीवर एक जरी बिल्ला असला तरी झाकणाला हात लावायचा नाही. शिवाय झाकणाशी एक माणूस सतत उभा. त्याने पाणी प्यायलासुद्धा हलायचे नाही. एक धट्टाकट्टा माणूस दिवसभर नुसता उभा राहतो, हे माझ्या शिस्तीत बसेना. पहिल्याच महिन्यात मी ती पद्धत बंद करण्याची गोष्ट काढली. आठल्ये यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"कागदावर लिहून द्या, साहेब. आणि खाली तुमचं नाव घाला," ते म्हणाले.

मी लिहून दिले नाही.

त्या वर्षांत कलकत्त्यात वीज वाटेल तेव्हा जाई. ती गेली की आठल्ये हातातले काम टाकून झाकणाशी गुडघे टेकत आणि आत उतरलेल्यांची नावे एकेक करून पुकारत. अंधारातून उत्तर येई, "आछि." आहे. शेवटचा "आछि" आल्याशिवाय ते उठत नसत. निमाई नावाचा एक फिटर होता, जिभेचा तिखट. तो सर्वांदेखत म्हणे की आठल्येबाबू घरी गेल्यावर आधी पोरी मोजतात, मगच चपला काढतात. आठल्ये हसत नसत, रागावतही नसत. "दोन आहेत. वेळ लागत नाही," म्हणत.

दुसरी एक खोड होती. कुठेही ठोकल्याचा आवाज आला की ते थबकत. एकदा एस्प्लनेडला आम्ही दोघे बूट घेण्यासाठी चाललो होतो. पदपथावर फेरीवाल्यांची गर्दी, ट्रामची घंटा, आणि कुठून तरी हातोडीचा बारीक ठक ठक आवाज. आठल्ये उभे राहिले. मागचे लोक त्यांच्यावर आदळत होते. मान एका बाजूला कलती करून ते दोन दुकाने मागे गेले, एका गल्लीत वाकून पाहिले आणि परत आले.

"ट्रंकवाला आहे," एवढे बोलून चालू लागले.

मी विचारले, हे कशासाठी. सवय आहे, म्हणाले. मला ते चक्रमपणाचे वाटले, आणि माझ्या चेहऱ्यावर ते दिसलेही असेल.

आमच्या मराठी मंडळींत तर ते थट्टेचा विषय होते. बँकांतले, सरकारी कचेऱ्यांतले बदलून आलेले अधिकारी, दोन-तीन पिढ्यांपासून तिथे राहिलेली काही घराणी, असे आमचे मंडळ. एकदा सहल गंगेपलीकडच्या बागेत गेली. जाताना लाँचमध्ये एकेचाळीस, येताना चाळीस. आठल्ये यांनी लाँच सुटू दिली नाही. हरवलेले गृहस्थ एका बँकेतले होते, आणि त्यांची पत्नी लाँचमध्येच बसली होती. ते परस्पर शिवपूरला मावशीकडे गेले आहेत, मला सांगून गेले आहेत, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"तुम्हाला सांगितलं, वहिनी. मला नाही," आठल्ये म्हणाले, आणि बागेच्या फाटकापर्यंत चालत जाऊन पहारेकऱ्याला विचारून आले. पाऊण तास मोडला. त्या दिवसापासून मंडळी त्यांना पाठीमागे 'खानेसुमारी', म्हणजे शिरगणती, म्हणू लागली. मीही म्हणत असे.

बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या कचेरीने एक जुने मालवाहू जहाज विकत घेण्याचे ठरवले. ते अथेन्सजवळच्या बंदरात उभे होते. ते पाहून येण्यासाठी आम्हा दोघांना पाठवले. कागद मी तपासायचे, टाक्या आठल्ये यांनी. तिथे पोहोचलो तर बंदराला सणाची सुट्टी. दोन दिवस मोकळे मिळाले. हॉटेलात प्रवासी बसची तिकिटे मिळत होती. मायसिनी या तीन हजार वर्षांहून जुन्या नगराचे अवशेष पाहून संध्याकाळी परत. मी त्याविषयी वाचले होते. दोन तिकिटे घेतली. एक आठल्ये यांच्यासाठी घेतले ते सौजन्य म्हणून.

डोंगराच्या खांद्यावर प्रचंड दगडांचा तट. त्यात एक दार, आणि दारावर समोरासमोर उभे दोन सिंह. त्यांची डोकी केव्हाच गळून गेलेली. सगळे प्रवासी सिंहांचे फोटो काढू लागले. आठल्ये सिंहांच्या खालची अजस्र शिळा पाहत होते.

"वरचा भार या तुळईवर येऊ दिलेला नाही, साहेब," ते म्हणाले. "वर तिकोनी पोकळी सोडलीय. वजन दोन्ही बाजूंनी उतरतं. सिंह नुसते झाकायला बसवलेत. हा माणूस हुशार होता."

तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाविषयी ते एखाद्या ओळखीच्या फोरमनविषयी बोलावे तसे बोलले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

नगराच्या पार दुसऱ्या टोकाला तटाच्या आतून एक जिना जमिनीत उतरतो. वेढा पडला तर पाणी मिळावे म्हणून खणलेले टाके त्याच्या तळाशी आहे. नव्वदेक पायऱ्या, दोन वळणे, आणि पहिल्या वळणानंतर मिट्ट काळोख. पायऱ्या पाझराने गुळगुळीत झालेल्या. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने सांगितले की ज्यांना उतरायचे असेल त्यांनी जपून उतरावे, विजेऱ्या आपापल्या घ्याव्यात. काही जण उतरू लागले. आठल्ये जिन्याच्या तोंडाशी थांबले. खाली वाकून त्यांनी खडे गोळा केले. एक माणूस आत गेला की एक खडा ते दगडी उंबऱ्यावर मांडत. चौदा माणसे गेली. चौदा खडे ओळीत.

लोक पाहत होते. मला लाज वाटली.

"आठल्ये, ही तुमची गोदी नाही," मी म्हणालो.

"अंधारात उतरायचं तोंड आहे, साहेब. एक जण वर लागतो."

इतक्या दूर येऊन हा माणूस एका भोकाशी पहारा करत उभा राहणार, याचा मला संताप आला. मी त्यांना म्हटले, जा, ते सिंहद्वार पुन्हा एकदा नीट पाहून या, मी इथे उभा राहतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. जाण्याची इच्छा होती, हे स्पष्ट दिसत होते. ती तुळई त्यांना बोलावत होती.

"एक वर आला की एक खडा उचला," ते म्हणाले. "मोजाल ना?"

"मोजतो."

ते गेले. मी सिगारेट पेटवली. समोर आर्गोसची सपाट दरी, संत्र्यांच्या बागा. लोक दोन-दोन, तीन-तीन असे वर येत होते. एका तरुण जोडप्याने खड्यांची ओळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि ते हसले. मी बुटाच्या टोकाने ती ओळ विस्कटून टाकली.

मी मोजले नाही.

थोड्या वेळाने खालून आवाज येईनासा झाला. वाटाड्याने दुरून हाक दिली. मी निघालो. वाटेत आठल्ये भेटले.

"सगळे आले?"

"सगळे."

"खडे?"

"उचलले," मी म्हणालो.

ते चौतिसाव्या वर्षीचे माझे उत्तर आहे. ते इथे जसेच्या तसे लिहितो.

बस सुरू झाली. आठल्ये बसले नाहीत. मधल्या वाटेत उभे राहून ओठ हलवत होते. तिसऱ्या रांगेत खिडकीशी एक जागा रिकामी होती आणि तिच्यावर गवती टोपी ठेवलेली होती. वाटाड्या म्हणाला, त्या जागेवरच्या बाईंची ओळखीची मंडळी दुसऱ्या बसने आली होती, त्यांच्याबरोबर त्या गेल्या असतील. असे नेहमी होते. आठल्ये माझ्याजवळ आले आणि मराठीत, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "साहेब, खिशातले खडे दाखवा."

मी म्हणालो, फेकून दिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग ते खाली उतरले आणि बसच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. चालकाने भोंगा वाजवला. लोक खिडक्यांतून डोकावून निरनिराळ्या भाषांत ओरडू लागले. परक्या देशात माझा फोरमन एका बसला आडवा उभा होता. मी उतरलो आणि दरडावून म्हणालो, "आठल्ये, आत बसा. हा हुकूम समजा."

"तुम्ही रिपोर्ट लिहा, साहेब," ते म्हणाले. "बस जाणार नाही."

अखेर चालकच कंटाळला. त्याने आपली विजेरी आठल्ये यांच्या हातात दिली. फाटक बंद होण्याच्या बेतात होते. ते वर निघाले. मी मागून गेलो. मला काय वाटत होते ते सांगतो: खाली कोणी नसेल, आणि या माणसाची कायमची जिरेल, असे वाटत होते.

जिन्याच्या तोंडाशी ते क्षणभर थांबले. धुळीत खडे पसरलेले होते. त्यांच्यामधून बुटाचा ओरखडा गेलेला होता. त्यांनी तो पाहिला. माझा बूटही पाहिला असेल. मग विजेरी लावली. खाली उतरू लागले.

पहिल्या वळणावर त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि अंधाराकडे तोंड करून हाक दिली, "केउ आछो?" कोणी आहे का? ग्रीसच्या डोंगराच्या पोटात बंगाली हाक. ती खाली गेली आणि विरली. उत्तर आले नाही. मी म्हणालो, चला, कोणी नाही. त्यांनी पुन्हा हात वर केला. मान एका बाजूला कलती झाली. एस्प्लनेडला झाली होती तशीच.

मग मलाही ऐकू आले. ठक ठक. मध्ये खंड. ठक ठक.

ती साठीची बाई होती, हॉलंडमधली शिक्षिका. शेवटच्या पायऱ्यांवरून घसरून ती टाक्याच्या काठाशी पडली होती. एक पाय गुडघ्याखाली उलटा वळलेला. विजेरी फुटलेली. ओरडून ओरडून आवाज गेला होता, आणि दोन वळणांपलीकडे तो पोहोचतही नव्हता. दगडाच्या तुकड्याने ती भिंतीवर ठोकत होती. आठल्ये तिच्याजवळ बसले तेव्हा तिने त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी मुठीत धरली, आणि मी बसमधून आणखी दोघांना बोलावून आणल्यावर चौघांनी मिळून तिला वर आणेपर्यंत ती सोडली नाही. गळ्याचे बटण तुटले. त्या दिवशी प्रथमच मी त्यांचा गळा उघडा पाहिला.

रात्रभर तिथे कोणी येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सणामुळे फाटकही उघडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला जहाजावर जाता आले नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. टाकीचे झाकण उघडले होते. आठल्ये हातमोजे चढवत काठावर बसले होते. मला राहवले नाही. मी म्हणालो, "तुम्ही मला काहीच बोलला नाहीत."

त्यांनी हातमोजा नीट बसवला.

"काय बोलू? मीही मोजलं नव्हतं."

मग त्यांनी सांगितले. तिथल्या परक्या खलाशांच्या देखत, मराठीत, कामाची माहिती द्यावी तसे. ते पंचवीस वर्षांचे असतानाची गोष्ट. खिदिरपूरचीच गोदी. झाकणाशी उभे राहण्याचे काम त्यांचे होते. ते पाणी प्यायला गेले आणि परत आले. सगळे वर आले का, असे वरिष्ठाने विचारले. ते म्हणाले, आले. झाकण आवळले, पाणी सोडले. हरिपद नावाचा रंगारी आत होता.

"ठोकल्याचा आवाज ऐकला होता मी," आठल्ये म्हणाले. "बराच वेळ येत होता. मला वाटलं, शेजारच्या गोदीत रिव्हेट मारताहेत."

मी ज्याला चक्रमपणा म्हणत आलो होतो, ते सर्व एका क्षणात माझ्यासमोर उलगडून पडले: फळी, बिल्ले, पाण्यालाही न हलणारा माणूस, गल्लीतला ट्रंकवाला. सत्तावीस वर्षे तो माणूस प्रत्येक ठोक्यापाशी थांबून खात्री करून घेत होता.

कोणी दोषी ठरले नाही, म्हणाले. वरिष्ठाने त्यांना कामावर ठेवले. मग त्यांनी खिशातून एक पितळी बिल्ला काढला. कलकत्त्याहून आणलेला. तो माझ्या हातात दिला आणि पाय टाकीत सोडले.

"मी खाली जातो. तुम्ही वर थांबा."

वर थांबायला त्यांनी माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगायला हवे होते. मी तसे म्हणण्याच्या बेतात होतो. ते तोवर उतरले होते. मी सव्वादोन तास त्या झाकणाशी उभा राहिलो. बिल्ल्याची कड तळहातात रुतली होती. ते वर आले, हात पुढे केला, बिल्ला घेतला आणि अकरा नंबरच्या कप्प्यातला पत्रा बदलावा लागेल असे म्हणाले.

परदेशी जाऊन आलेल्याने गणेशोत्सवात मंडळासमोर बोलायचे, असा आमचा रिवाज होता. मी मायसिनीच्या शिल्पांविषयी अर्धा तास बोललो. टाक्याचा उल्लेख टाळला. पण बाईंचे आभाराचे पत्र कचेरीत येऊन गेले होते आणि कुजबुज पसरली होती. कोणीतरी ओरडले, खानेसुमारी, तुम्ही सांगा काय झाले ते. आठल्ये उठले. मी खुर्चीत अंग चोरून बसलो. आता ते सांगणार, आणि तो त्यांचा हक्कच आहे, हे मला मान्य होते.

"चौदा जण खाली गेले होते," ते म्हणाले. "साहेब तोंडाशी उभे होते. त्यांनी मोजलं. एक कमी भरला. मग आम्ही परत गेलो."

एवढेच बोलून ते बसले. टाळ्या झाल्या. खानेसुमारीने शिष्य तयार केला, असे कोणी म्हणाले आणि हशा पिकला. माझी पत्नी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी आजही सहन करू शकत नाही. मी उठून सांगू शकलो असतो. उठलो नाही.

बाहेर चपलांच्या ढिगाऱ्यात ते आपली जोडी शोधत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"का?"

चपला सापडल्या. त्या पायात घालून मग ते म्हणाले, "आता सगळ्यांना माहीत झालंय, तुम्ही मोजता. आता मोजावंच लागेल."

त्यात दया नव्हती. ती दया असल्याचे मला तेव्हाही वाटले नाही.

मी मोजत आलो. पुढे ज्या ज्या बंदरात काम केले तिथे प्रत्येक झाकणापाशी फळी लावली. माझ्या हाताखालचे तरुण इंजिनियर मला पाठीमागे काय म्हणत, ते मी कधी विचारले नाही.

तीन वर्षांनी माझी बदली विशाखापट्टणमला झाली. आठल्ये हावड्याला पोचवायला आले. बायको-मुलांसह आम्ही चौघे, सामान फार, हमाल तीन. आठल्ये खिडकीशी उभे राहिले. मी मनात एक वाक्य तयार करून आणले होते. गाडीने शिटी दिली. मी खिडकीशी वाकलो आणि "आठल्ये," एवढेच म्हणालो. त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. ते डब्याच्या दाराकडे पाहत होते.

"साहेब, एक आत आहे," ते म्हणाले.

मी वळलो. तिसरा हमाल बाकाखाली वाकून वळकटी सारत होता. मी त्याचा खांदा धरून त्याला दारापर्यंत नेले. गाडी हलली होती. तो उडी मारून उतरला. मी खिडकीशी परत येईतो फलाट मागे सरकू लागला होता. गळ्यापर्यंत बटण लावलेले आठल्ये हात उंचावून उभे होते. निरोपाचा हात म्हणून मीही हात वर केला, आणि मग मला दिसले की अंगठा आणि करंगळी मिटलेली आहेत. तीन बोटे वर होती. तीन हमाल आत गेले, तीन बाहेर आले.

मीही तीन बोटे दाखवली. ती पाहिल्यावरच त्यांनी हात खाली घेतला.